‘मेर्कु तोडर्चि मलै’ कसा पाहावा: डोंगराचं छायाचित्रण वाचायला शिकताना

‘मेर्कु तोडर्चि मलै’ म्हणजे पश्चिम घाट. २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रदर्शित झालेला हा तमिळ चित्रपट लेनिन भारती यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच. कॅमेरा थेनी ईश्वर यांचा, संगीत इळैयराजांचं, निर्मिती विजय सेतुपतीची. सेतुपतीचं नाव वाचून कुणी त्याला पाहायला बसणार असेल तर आधीच सांगतो, नायक तो नाही. नायक आहे अँटनी नावाचा तेव्हा कुणाला फारसा माहीत नसलेला नट. तो रंगसामी नावाच्या भूमिहीन मजुराचं काम करतो. बाकीचे बरेच चेहरेही त्याच भागातले वाटावेत असे आहेत.

गोष्ट दोन ओळींत मावते. रंगसामी डोंगरावरच्या वेलदोड्याच्या मळ्यांतून पाठीवर ओझी घेऊन खाली उतरतो, पुन्हा वर जातो. थोडी जमीन आपल्या नावावर व्हावी एवढंच त्याला हवं असतं. पुढे काय होतं ते नंतर बोलू.

हा चित्रपट सुचवला की बहुतेकांच्या दोन प्रतिक्रिया येतात. एक, ‘काय सीनरी आहे!’ दोन, ‘पण फार स्लो आहे हो.’ दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण डोंगराला पडदा समजतो, गोष्ट त्याच्यापुढे घडेल म्हणून वाट पाहतो, आणि ती घडत नाही म्हणून कंटाळतो. इथे गोष्ट डोंगरातच घडते आहे. ती पाहायची सवय व्हावी म्हणून हा लेख. तमिळ येत नसेल, कॅमेऱ्याची भाषा माहीत नसेल, तरी चालेल.

आधी पाच मिनिटं नकाशा

चित्रपट लावण्यापूर्वी फोनवर तमिळनाडूचा थेनी जिल्हा उघडा. मदुराईच्या पश्चिमेला, केरळच्या सीमेला चिकटून. बोडिनायक्कनूर, कंबम, कुरंगणी ही नावं शोधा. मग सॅटेलाइट व्ह्यू लावा. सीमारेषेच्या पश्चिमेला गडद हिरवं, पूर्वेला फिकट, मातकट. ही हिरवी बाजू केरळच्या इडुक्की जिल्ह्यातले वेलदोड्याचे डोंगर. खाली पूर्वेला कंबमचं खोरं.

मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्राकडून येतात, घाटाला धडकतात, वर चढताना पाऊस टाकतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, हे जे आपल्याकडे होतं तेच तिकडे होतं. फरक एवढाच की तमिळनाडूला ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडूनही पाऊस मिळतो. डोंगर तोच आहे. तापीच्या दक्षिणेला सुरू होऊन कन्याकुमारीजवळ संपणारी साधारण सोळाशे किलोमीटरची रांग. आपण वरच्या टोकाला, ते खालच्या टोकाला.

आता रंगसामीचं रोजचं काम नकाशावर बसवा. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून तीन-चारशे मीटरवर. वेलदोडा लागतो तो बराच वर, हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर, कारण त्याला दमट हवा आणि मोठ्या झाडांची सावली हवी असते. बोंडं झाडाच्या बुंध्याशी, जमिनीलगतच्या फुटव्यांवर येतात, म्हणून तोडणी वाकून, हातानंच होते. मग वाळवणी. आणि वाळलेला माल विकायला बोडीत (म्हणजे बोडिनायक्कनूरला), जिथे वेलदोड्याचा मोठा व्यापार चालतो. मळा वर, बाजार खाली. मधल्या चढ-उताराचं काम माणसाच्या पाठीने करायचं. हा उभा प्रवास लक्षात ठेवलात की चित्रपटातला प्रत्येक लाँग शॉट, म्हणजे लांबून घेतलेलं दृश्य, वेगळा दिसायला लागेल.

पडदा, आवाज, सबटायटल

मोबाइलवर पाहू नका. हा काही शिष्टपणा नव्हे. या चित्रपटात माणूस कित्येकदा डोंगरउतारावर ठिपक्याएवढा असतो, आणि मोबाइलवर तो ठिपका दिसतच नाही. मग तुम्हाला वाटतं की कॅमेरा उगाच रिकाम्या डोंगरावर थांबलाय.

टीव्हीवर पाहणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ‘व्हिविड’ काढा, ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ लावा. दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून हिरवा रंग पोपटासारखा केलेला असतो. त्यात पावसाळी हिरवा आणि उन्हाळी हिरवा यांतला फरक मरतो, आणि या चित्रपटाची निम्मी मजा त्या फरकात आहे. ‘मोशन स्मूदिंग’ किंवा तत्सम नावाची जी सोय असते तीही बंद करा, नाहीतर धुकं मालिकेतल्या धुरासारखं दिसतं. खोलीत अंधार ठेवा. पहाटेची दृश्यं अंधुक आहेत, ट्यूबलाइटच्या उजेडात ती नुसती काळी दिसतील.

सबटायटल हा खरा अडसर. इंग्रजी ओळी वाचताना डोळा पडद्याच्या तळाशी अडकतो आणि वरचा डोंगर निसटतो. यावर माझा उपाय साधा आहे: पहिल्यांदा सबटायटलसह पूर्ण पाहा, गोष्ट कळू द्या. नंतर कधीतरी, दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या आठवड्यात, सुरुवातीचा अर्धा तास सबटायटल बंद करून पुन्हा पाहा. संवाद फारसे अडत नाहीत. खरं शिकणं त्या अर्ध्या तासात होतं.

पहिल्या खेपेला: नुसतं चालत राहा

पहिल्या खेपेला काही शोधू नका, पॉज करू नका. सुरुवातीचा मोठा भाग रंगसामीबरोबर डोंगर चढण्या-उतरण्यात जातो. वाटेत माणसं भेटतात, दोन शब्द बोलतात, पुढे जातात. कुणी म्हातारा ओझं वाहणारा, कुणी टपरीवाला, कुणी मळ्यावरचा. यातला कोण पुढे ‘महत्त्वाचा’ ठरणार याचा अंदाज बांधत बसलात तर दमाल. गावात नवा माणूस पहिल्या दिवशी जसा सगळ्यांकडे बघतो तसं बघा.

एक गोष्ट मात्र आपोआप जाणवेल. डोंगर ओळखीचा होतो. तीच पाऊलवाट, तोच कडा, तीच खिंड दुसऱ्यांदा आली की तुम्हाला कळतं की आता आपण अर्ध्यावर आलो. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलंय. बहुतेक चित्रपटांत गाण्यासाठी पाच सुंदर जागा दाखवतात, त्यांचं एकमेकींशी नातं काय ते कुणालाच ठाऊक नसतं. इथे एकच उतार पुन:पुन्हा येतो, आणि त्यामुळे अंतर कळतं. अंतर कळलं की ओझ्याचं वजन कळतं.

दुसऱ्या खेपेला: अंगठ्याने मोजा

आता पॉजचं बटण हातात घ्या. एखादा रुंद शॉट आला की थांबवा आणि अंगठा पुढे धरून पाहा: माणूस चौकटीच्या उंचीच्या कितव्या हिश्श्याएवढा आहे? अर्धा? दहावा? विसावा? चार-पाच शॉट असे मोजलेत की पॅटर्न दिसायला लागेल. बोलण्याच्या, हसण्या-खिदळण्याच्या वेळी कॅमेरा माणसाजवळ येतो. कामाच्या वेळी मागे सरकतो, आणि माणूस उतारावर बारीक होतो.

निसर्गसौंदर्य दाखवायला कॅमेरा मागे जातो, असं आपल्याला वाटतं. इथे तो मागे जातो तेव्हा आपल्याला दिसते ती जमीन. डोळ्यांत मावणार नाही एवढी जमीन, आणि तिच्यावरून रोज चालणाऱ्या माणसाच्या नावावर एक गुंठाही नाही. या चित्रपटात सुंदर शॉट आला की मनात एकच प्रश्न विचारा: सातबारा कुणाच्या नावावर? माझ्या मते थेनी ईश्वर यांच्या छायाचित्रणाची सगळी ताकद या एका प्रश्नात आहे. शॉट जितका देखणा, तितका तो प्रश्न टोचतो. ‘वा, काय हिरवळ’ म्हणून थांबणारा प्रेक्षक वाईट नाही, पण तो अर्ध्या वाटेवरून परत फिरतो.

कॅमेऱ्याची उंचीही पाहा. चालणाऱ्याच्या मागे, त्याच्या खांद्याच्या पातळीवर असलेला कॅमेरा आणि आकाशातून खाली पाहणारा कॅमेरा यांत फार फरक आहे. ड्रोन स्वस्त झाल्यापासून प्रत्येक चित्रपटात, लग्नाच्या व्हिडिओतही, वरून डोंगर दिसतो. वरून पाहिलं की चढ सपाट होतो. दमछाक नाहीशी होते. म्हणून डोंगराच्या चित्रपटात मला वरून घेतलेल्या शॉटचा संशय असतो. या चित्रपटात ते शॉट आहेत, पण ते कुठे येतात, कशानंतर येतात, याची नोंद ठेवा. शेवटाकडे हे कामाला येईल.

उजेड कुठल्या बाजूने येतो

इथे जरा थांबतो, कारण डोंगराच्या छायाचित्रणात नव्वद टक्के गोष्ट उजेडाची असते आणि नव्या प्रेक्षकाला ती कुणी सांगत नाही.

घाटाची रांग साधारण दक्षिणोत्तर पसरलेली आहे. त्यामुळे सूर्य तिला आडवा ओलांडतो. तुम्ही रांगेच्या पूर्वेला उभे असाल, म्हणजे आपल्या भाषेत देशावर, तर पश्चिमेकडचा डोंगर सकाळी समोरून उजळतो. प्रत्येक घळ, प्रत्येक झाड वेगळं दिसतं. संध्याकाळी मात्र सूर्य डोंगराआड लवकर जातो. आकाश अजून उजळ असतं आणि उतार काळानिळा होतो. कोकणातून पाहणाऱ्याला उलटा अनुभव येतो: सकाळी सूर्य उशिरा वर येतो आणि संध्याकाळी कडा सोन्यासारखा पेटतो. रायगड किंवा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा संध्याकाळी का पाहायचा, याचं उत्तर एवढंच.

चित्रपटातलं खोरं घाटाच्या पूर्वेला आहे, म्हणजे ‘देशावर’. म्हणून चढणीचा मजूर पहाटे निघतो तेव्हा त्याची वाट हळूहळू उजळत जाते. या उजेडावरून तुम्ही घड्याळ न पाहता वेळ सांगू शकता: सावल्या लांब आहेत की आखूड, चेहऱ्याची कुठली बाजू उजळली आहे, वर धुकं अजून अडकलंय की विरलंय. करून पाहा. दोन-तीन दृश्यांनंतर जमतं.

ढगाळ दिवसाचा उजेड वेगळा. तो सगळीकडून सारखा येतो, सावली पाडत नाही. फोटो काढणारे त्याला ‘मेलेला उजेड’ म्हणून नाकं मुरडतात, पण हिरव्या रंगाच्या छटा त्याच उजेडात सगळ्यांत चांगल्या सुट्या होतात. कडक उन्हात पानं चकाकतात आणि पांढरी होतात. वेलदोड्याच्या मळ्यासारख्या दाट सावलीच्या जागी कडक ऊन म्हणजे नुसते पांढरे आणि काळे ठिपके. तिथे ढग आले की चित्र शांत होतं.

दूरचे डोंगर निळे का दिसतात, हेही लक्षात घ्या. मधल्या हवेतले कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. डोंगर जितका लांब, तितकी मधली हवा जास्त आणि तितका तो निळसर, फिकट. एकामागे एक पाच रांगा असतील तर पुढची गडद हिरवी आणि शेवटची आकाशात विरघळलेली, अशी उतरंड दिसते. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते आणि लांबचा डोंगरही जवळ आल्यासारखा वाटतो. उन्हाळ्याच्या शेवटी धुरकट होतो. कॅमेरामनला हे हातात नसतं. त्याला फक्त कुठल्या ऋतूत, किती वाजता यायचं ते ठरवता येतं. आणि वाट पाहता येते, जे निर्मात्याला परवडत नाही.

लेन्सचंही थोडं. लांबून झूम केल्यासारख्या लेन्सने काढलं तर मागचा डोंगर पुढे ओढला जातो आणि माणसाच्या पाठीशी भिंतीसारखा उभा राहतो. रुंद लेन्सने काढलं तर डोंगर मागे पळतो, आकाश मोठं होतं. एकच जागा, दोन भावना. पुढच्या वेळी डोंगर अंगावर आल्यासारखा वाटला तर समजा, कॅमेरा माणसापासून बराच लांब उभा होता.

तमिळ कवितेतल्या पाच भूमी

तमिळ माणूस डोंगराकडे पाहतो तेव्हा त्याच्यामागे दोन हजार वर्षांची एक पद्धत असते, तिची ओळख असलेली बरी. संगम काळातल्या कवितेने भूमीचे पाच प्रकार केले आणि प्रत्येकाला एक मनःस्थिती जोडून दिली. कुरिंजी म्हणजे डोंगर, प्रेमिकांच्या भेटीचा. मुल्लै म्हणजे रान आणि कुरणं, धीराने वाट पाहण्याचं. मरुदम म्हणजे ओलिताची शेती, रुसव्याची. नेय्दल म्हणजे समुद्रकाठ, झुरण्याचा. आणि पालै म्हणजे रखरखीत वाट, ताटातुटीची. कवीला ‘ती दुःखी होती’ असं लिहावं लागत नाही. वाळू, खेकडा, संध्याकाळ एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला कळतं. महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’च्या गाथा वाचलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही. अभ्यासकांनी या दोन परंपरांमधलं साम्य पूर्वीच दाखवून दिलं आहे.

या भूमींना नावं मिळाली ती फुलांवरून. कुरिंजी म्हणजे निलगिरी, मुन्नार, कोडैकनालच्या उंच माळांवर बारा वर्षांनी एकदा फुलणारी निळी झुडपं. आपली सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी याच कुळातली, सख्खी चुलत बहीण म्हणा. योगायोग असा की २०१८ हे मुन्नारच्या बाजूला कुरिंजी फुलण्याचं वर्ष होतं.

हे सगळं दिग्दर्शकाने डोक्यात ठेवून चित्रपट केला असा माझा दावा नाही. पण पाहणाऱ्याला ही चौकट उपयोगी पडते. ‘सिलप्पदिकारम’ या जुन्या तमिळ महाकाव्यात म्हटलंय की मुल्लै आणि कुरिंजी आपला मूळ गुण हरवून बसल्या की त्यांचं पालै होतं. पालै अशी वेगळी भूमी नसतेच, ती बिघडलेली भूमी असते. चित्रपटाचा पहिला अर्धा भाग आणि शेवटचा अर्धा तास लागोपाठ पाहिलात तर हे वाक्य आठवेल.

कानाने पाहणं

इळैयराजा थेनी जिल्ह्यातल्याच पण्णैपुरमचे. या डोंगराच्या पायथ्याशी वाढलेला माणूस. त्यांच्याकडून जागोजागी व्हायोलिनचा पूर येईल असं वाटतं. येत नाही. बराच वेळ फक्त वारा, पक्षी, पायाखालचे दगड, लांबून हाका. वाऱ्याच्या आवाजाकडे लक्ष ठेवा, कारण पुढे त्याच वाऱ्याला गिऱ्हाईक मिळणार आहे. शक्य असेल तर हेडफोन वापरा, टीव्हीच्या बारक्या स्पीकरमधून वारा नुसता खरखरतो.

शेवट (पाहिला नसेल तर हा भाग सोडा)

रंगसामी जमिनीसाठी जमवलेल्या पैशाचा वेलदोडा पोत्यात भरून पाठीवर घेऊन उतरत असतो आणि पोतं हातचं सुटून दरीत जातं. हे दृश्य तीनदा पाहण्यासारखं आहे. इतका वेळ ज्या उताराचं आपण कौतुक करत होतो, तोच उतार त्याचं सगळं घेऊन जातो. वेगळं काही दाखवलेलं नाही. दरी तीच, उजेड तोच. आपलं पाहणं बदलतं.

पुढे त्याला जमीन मिळते, लग्न होतं, शेती सुरू होते. मग मळेमालक, मजुरांची युनियन, रस्ता आणि यंत्रं यांचा झगडा, युनियनमधली फितुरी, तुरुंग. या मधल्या भागात चित्रपट थोडा घाईत आहे असं मला वाटतं. पहिल्या तासात ज्याला पाऊलवाटेवर इतका वेळ होता, त्याने वर्षं भराभर उलटलीत. पण निसर्गाच्या अंगाने पाहिलं तर हेही बोलतं: माणसं बैठका घेतात, भांडतात, आत-बाहेर करतात तेव्हा डोंगर जवळजवळ गायब होतो. चौकट भिंतींनी भरते.

आणि शेवटी कर्जात जमीन गेलेला रंगसामी त्याच जागेवर पवनचक्क्यांचा राखणदार म्हणून गणवेशात उभा असतो. कॅमेरा त्याच्यापासून दूर जाऊ लागतो, वर चढतो, आणि खोऱ्यात पसरलेली पाती दिसायला लागतात. मघाशी वरून घेतलेल्या शॉटची नोंद ठेवायला सांगितली होती ती यासाठी. पूर्वी वरून दिसायचा तो डोंगर. आता वरून दिसते ती मालमत्ता. कंबमच्या खोऱ्यात खिंडींमधून वारा जोरात घुसतो, म्हणून पवनचक्क्या तिथे खरोखरच उभ्या आहेत. साताऱ्याच्या चाळकेवाडीला, वनकुसवड्याच्या पठारावर गेलेल्याला ते चित्र लगेच ओळखू येईल. आपण तिथे ठोसेघर बघून परतताना पवनचक्कीखाली सेल्फी काढतो. तिथली जमीन आधी कुणाकडे होती, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

पवनचक्की वाईट असं चित्रपट म्हणत नाही, मीही म्हणत नाही. कोळसा जाळण्यापेक्षा वारा बरा. पण या शॉटला ‘प्रगतीचं सुंदर दृश्य’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्याने चित्रपट पाहिला नाही एवढं नक्की.

हात चालवून पाहा

पाहण्याची सवय नुसती पाहून लागत नाही. एक वही घ्या आणि आवडलेल्या तीन-चार चौकटी पेन्सिलीने काढा. चित्रकला येण्याची गरज नाही. एक आयत, त्यात डोंगराची रेघ, क्षितिज कुठे आहे, माणूस कुठे आहे, बस. क्षितिज वर असेल तर जमीन जड होते, खाली असेल तर आकाश. काढताना हे हाताला कळतं.

पुढच्या ट्रेकला फोनवर एकच उतार तीन वेळा टिपा: उजाडताना, भर दुपारी, दिवस कलताना. त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. मग एकदा माणूस चौकटीत येईपर्यंत थांबा. मोळी घेऊन येणारी बाई असेल, गुराखी असेल, कुणीही. चेहरा टिपायचा नाही, आणि जवळ जायचं असेल तर आधी विचारायचं. तो माणूस चौकटीत आला की डोंगराची उंची एकदम खरी होते.

तिकडे जायचं झालंच तर

मदुराईहून थेनी साधारण पाऊणशे किलोमीटर, आणि आता रेल्वे बोडीपर्यंत जाते. तिथून कुरंगणी जवळ. पण पाऊलवाटांवर आपल्या मनाने निघू नका. २०१८ च्याच मार्चमध्ये कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्सचा एक मोठा गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जीव गेले. फेब्रुवारी ते मे या काळात सुकं गवत क्षणात पेटतं. वनखात्याची परवानगी घेऊन, स्थानिक वाटाड्या घेऊनच जा, आणि बंदी असेल तर खाली कंबमच्या खोऱ्यात द्राक्षमळे बघून परत या. वर जाणाऱ्या मजुरांना ‘सिनेमातल्यासारखं’ पाठीवर ओझं घेऊन उभं राहायला सांगू नका. हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो.

यानंतर काय

थेनी ईश्वर यांचाच कॅमेरा असलेला, दिग्दर्शक राम यांचा ‘पेरन्बु’ घ्या. मामुट्टी आणि तळ्याकाठचं एकाकी घर, धुकं, थंडी. इथे निसर्ग प्रकरणांच्या शीर्षकांतूनच बोलतो, कधी दयाळू कधी क्रूर. मग मारी सेल्वराज यांचा ‘कर्णन’, ज्यात डोंगर नाही, तापलेलं रान आहे. जुन्यातलं पाहायचं तर बालू महेंद्र यांचा १९८२ चा ‘मून्ड्राम पिरै’. ‘सदमा’ पाहिलेल्यांना त्यातली उटी ओळखीची आहे. धुक्यात प्रकाश कसा मऊ होतो ते शिकायला तो अजून उत्तम आहे. एम. मणिकंदन यांच्या ‘कडैसि विवसायी’मध्ये दिग्दर्शकानेच कॅमेरा धरलाय. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान इतक्या धीराने दाखवलंय की पीक उगवल्याचा आनंद आपल्यालाही होतो.

‘कूळांगळ’ सगळ्यात शेवटी पाहा. पी. एस. विनोदराज यांचा हा चित्रपट २०२१ मध्ये रॉटरडॅमला टायगर पुरस्कार घेऊन आला. बाप आणि मुलगा उन्हातून चालत राहतात, बस. हिरवं पान शोधावं लागतं. ‘मेर्कु तोडर्चि मलै’नंतर लगेच लावलात तर पालै म्हणजे काय ते व्याख्येशिवाय कळेल. सव्वा तासाचाच आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी, पंखा बंद करून पाहिलात तर आणखी चांगलं, पण तेवढा आग्रह मी घरच्यांनाही करत नाही.